मूलाधार चक्र ‘ब्लॉक’ झालंय हे कसं ओळखायचं आणि ते बरं कसं करायचं?

ओळखायची खात्रीची कसोटी नाही; मूलाधार हे पाठीच्या कण्याच्या तळाशी कल्पिलेलं ध्यानाचं स्थान आहे, बिघडणारा अवयव नव्हे. तांत्रिक साधक पूर्णानंदांच्या 1577 च्या ‘षट्चक्रनिरूपण’ या ग्रंथात त्याचं वर्णन आहे: चार पाकळ्या, त्यांवर वं, शं, षं, सं, मधे पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन आणि ‘लं’ हा बीजमंत्र. ‘ब्लॉक’ आणि ‘हीलिंग’ ही भाषा अलीकडची. अथर्वशीर्षात ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’ म्हणतो ना आपण, ते हेच चक्र! साधना करायची असेल तर पाठ ताठ ठेवून बसा, श्वास संथ होऊ द्या, मनात ‘लं’ म्हणा. सुरुवातीला 10 मिनिटं पुरेत. मूलबंध (गुदाजवळचे स्नायू आत ओढून धरण्याची योगक्रिया) मात्र जाणकार शिक्षकाकडूनच शिका. आणि सततची भीती, झोप उडणं किंवा कंबरदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.