ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा पुढचा एक्सल शाफ्ट हबमध्ये जॅम झालाय, घरी कसा काढू?

तुम्ही लिहिलंय की गाडी घराच्या अंगणात जॅकवर आहे, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) चा नट निघाला, खालचा बॉल जॉइंटही (चाकाचा भाग खालच्या आर्मला जोडणारा सांधा) सोडवला, पण शाफ्ट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा दांडा, हबमधून तसूभर हलत नाही आणि आता मोठा हातोडा आणू का? भाऊ, नका आणू. मी माझ्या गाडीचं हे काम नागपुरात घरीच केलंय, त्यावरून सांगतो.

आधी शाफ्टचं टोक निरखून बघा. आट्यांवर सरळ घण घातला की टोकाची कड पसरते. ती हबच्या आतल्या दात्यांतून (शाफ्टवरचे दाते ज्या खाचांत बसतात त्या) जातच नाही, म्हणजे गंज सुटला तरी शाफ्ट तिथंच अडणार. कड पसरली असेल तर कानशीने घासून उतरवा. मग जुना नट टोकाशी सपाट येईल इतका परत चढवा, म्हणजे पुढचा मार आट्यांना बसणार नाही. खडूने शाफ्ट आणि हब दोन्हींवरून एक आडवी रेघ ओढा. हब धरून शाफ्ट फिरवून बघताना रेघ किंचित जरी तुटली, तरी दाते सुटायला लागलेत असं समजा.

खरं काम हातोड्याचं नाहीच, पुलरचं आहे. चाकाच्या बोल्टांवर बसणारा पुलर (मधल्या स्क्रूने शाफ्ट आत दाबणारं हत्यार) लावा, मधला स्क्रू ताणा आणि तसाच ताणलेला सोडा. गंज सोडवणारा स्प्रे दात्यांच्या फटीत मारा, डिस्कवर उडू देऊ नका, रात्रभर मुरू द्या. सकाळी स्क्रू अजून थोडा ताणून त्याच्या डोक्यावर एक ठोका द्या. सुटतो तेव्हा ‘ठण्ण’ असा आवाज येतो, तो ऐकू आला की नट काढून शाफ्ट हातानेच आत ढकला. मे महिन्यात हे सगळं सकाळी लवकर उरकावं, दुपारी उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही.

गॅसची शेगडी किंवा टॉर्च लावू नका. बेअरिंगचं ग्रीस, सील, रबरी बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण), एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर, सगळं त्याच्याच शेजारी असतं. आणि शाफ्ट धरून बाहेर हिसके तर अजिबात नको. आतला जॉइंट सरकता असतो, जोरात ओढला की बूटच्या आत तो कपातून निसटतो आणि एकाच्या जागी दोन कामं होऊन बसतात.

तुमची गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणून हे नीट वाचा. ‘इंजिन सुरू करून गिअर टाका, झटक्यानं सुटेल’ असा सल्ला कुणी ना कुणी देईलच. पुढची चाकं हवेत असली तरी मागची जमिनीवर आहेत आणि ताकद तिकडेही जाते. गाडी स्टँडवरून उडी मारेल आणि तुम्ही खाली असाल. फोर-व्हील लॉक मोड असेल तर तो बंद करा, गिअर न्यूट्रलला ठेवा, म्हणजे शाफ्टमधला पीळ निघतो. पण मग गाडी सरकू शकते, तेव्हा मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. अंगण काळ्या मातीचं असेल आणि पाऊस होऊन गेला असेल, तर जॅक आणि स्टँडखाली जाड लोखंडी पत्रा किंवा फळी हवीच. ही माती दिसते घट्ट, भार पडला की खचते. विटांवर गाडी ठेवणाऱ्यांशी मी वादच घालत नाही, त्यांनी हे काम गॅरेजला द्यावं.

एवढं करूनही सुटला नाही, तर शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समधून काढा. जॉइंट आणि केसिंगच्या फटीत पहार घालून एक नेमका झटका द्यायचा, कारण आत सर्क्लिप (शाफ्ट अडकवून धरणारी स्प्रिंगची कडी) असते. पहार सीलला लागू देऊ नका आणि खाली ऑइलसाठी घमेलं ठेवा. कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. स्टिअरिंगचा रॉड आणि शॉकअपचे बोल्ट सोडले की नकलसकट (हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग) शाफ्ट अख्खा हातात येतो. तो नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला न्या आणि हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या. घरी रविवारभर जे झालं नाही ते तिथं चहा होईपर्यंत होतं.

गाडीच न्यायची ठरवली, तर शाफ्ट हबमध्ये परत घालून नट आवळल्याशिवाय ती चाकांवर ढकलू नका. बऱ्याच गाड्यांत हबचं बेअरिंग त्या नटानेच दाबून धरलेलं असतं. आणि टोइंगवाल्याला चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच आणायला सांगा.