गवत डोक्याच्या वर, तरी टोणगी भरत नाहीत

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडे पंढरपुरी म्हशींची सात-आठ महिन्यांची चार टोणगी आहेत. मांसासाठी वाढवून विकायचा विचार आहे. विहिरीच्या पाण्यावर 15 गुंठे नेपियर केलंय, गवत डोक्याच्या वर गेलंय. पोटभर टाकतो, पण टोणग्यांची पोटं तेवढी सुटलीत, पाठ आणि पुठ्ठे काही भरत नाहीत. शेजारी म्हणतात, दीड-दीड किलो सरकी पेंड चालू केल्याशिवाय जमायचं नाही. ते मला परवडत नाही. नुसत्या हिरव्या वैरणीवर स्वस्तात जमेल का?
— एक वाचक, तालुका सांगोला

उत्तर : दादा, ‘गवत डोक्याच्या वर गेलंय’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमची अडचण तिथेच आहे.

नोकरीत असताना मी तुमच्याच भागात एका वस्तीवर अशीच टोणगी बघायला गेले होते. मालक म्हणाले, रोज प्रत्येकाला 18 किलो टाकतो. मी संध्याकाळी गव्हाणीतलं उरलेलं गोळा करून काट्यावर घातलं, तर एका टोणग्यामागे साडेपाच किलो नुसती दांडकी. बोटाएवढी जाड, नख दाबलं तर रुतत नव्हतं. पानं तेवढी वेचून खाल्लेली. म्हणजे खाल्लं साडेबारा किलो, तेही निम्मं चोथा. तुमच्याकडे आज संध्याकाळी हेच करून बघा.

नेपियरची पहिली कापणी लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी घ्यायची आणि पुढच्या कापण्या दर 40 ते 45 दिवसांनी. त्या वयात गवत कंबर-छातीएवढं असतं आणि पानं दांड्यापेक्षा जास्त असतात. पाणी धरायचं नाही, कोरड्या वजनावर बघायचं, तर त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं मिळतात. तेच तीन महिने उभं ठेवलं की पाच-सहा टक्क्यांवर येतं. भारा मोठा दिसतो, एवढंच.

तुमच्या 15 गुंठ्यांचे सहा सारखे तुकडे पाडा. आठवड्याला एकच तुकडा कापायचा. सहावा संपला की पहिला पुन्हा 42 दिवसांचा झालेला असतो. जमिनीपासून चार-पाच बोटं सोडून कापा, अगदी मातीला लावून विळा मारला तर ठोंब मरतात. पाणी आणि शेणखत नीट असेल तर अडीच गुंठ्यांच्या तुकड्यातून एका कापणीला तीन-साडेतीनशे किलो निघायला हरकत नाही. चार टोणग्यांना रोज 12 किलोप्रमाणे आठवड्याला 336 किलो लागतं, म्हणजे तुमचं गवत तुमच्या टोणग्यांना पुरतंय. थंडीत नेपियर हटून बसतं, तेव्हा कडबा वाढवावा लागेल. आणि युरियाचा मारा करून लगेच कापू नका, त्यातून नायट्रेटची विषबाधा होते.

आता पेंडीचं. शेजारी अगदीच चुकीचं सांगत नाहीत. वाढत्या वासराला प्रथिनं लागतात आणि नुसतं नेपियर, कोवळं असलं तरी, कमी पडतं. पण ती विकतच घ्यायची असं कुठे आहे? दहा गुंठे घास करा. लसूणघास एकदा धरला की महिन्या-सव्वा महिन्याला कापायला येतो, तीन-एक वर्षं चालतो, थंडीत जोमात असतो, आणि कोरड्या वजनावर त्यात 18 ते 20 टक्के प्रथिनं असतात. बांधावर शेवरी, सुबाभूळ असेल तर त्याचा पालाही याच कामाचा. सुबाभूळ मात्र एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, केस गळतात.

150 किलोच्या टोणग्याला मी रोज हे देईन : नेपियर 12 किलो, घास 6 किलो, कडबा कुट्टी अर्धा किलो. शिवाय खनिज मिश्रण 25-30 ग्रॅम आणि चिमूट-दोन चिमूट मीठ. नेपियरमधलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, उसाच्या वाढ्याचंही तेच. म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका. घासात कॅल्शियम भरपूर असतं, तो फायदा वेगळाच. सगळं कुट्टी यंत्रातून इंच-दीड इंच तोडून, एकत्र कालवून टाका, म्हणजे वेचून खाता येत नाही.

हिशोब बघा. दीड किलोने चार टोणग्यांना महिन्याला 180 किलो पेंड लागते, म्हणजे 50 किलोची साडेतीनहून थोडी जास्त पोती. ती आता नकोच. विक्रीच्या आधीचे दोन-तीन महिने मात्र मक्याचा भरडा एक किलो आणि पेंड अर्धा किलो चालू करा. अंग भरायला शेवटी ताकद लागते, ती नुसत्या हिरव्यातून पुरेशी येत नाही. पैसा तिथेच घाला.

सुटलेल्या पोटाचं दुसरं कारण जंत. कुट्टी सुरू करण्याआधी शेण काडेपेटीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून आणा आणि डॉक्टर सांगतील ते जंतनाशक वजनाप्रमाणे द्या. पोटात जंत ठेवून चारलेला घास वाया जातो. पुढच्या वेळी रेडकू जन्मलं की दहा ते पंधरा दिवसांत पहिलं जंताचं औषध द्या, कारण म्हशीच्या दुधातूनच गोल जंत रेडकात उतरतात. आणि चीक तासा-दोन तासांत पाजा. हे मला कळकळीने सांगायचंय. टोणगा झाला म्हणून त्याचं दूध तोडतात, बिचारं दावणीला सुकत बसतं, मग सहा महिन्यांनी त्याला भरवायला निघतात. पहिल्या तीन महिन्यांत खुंटलेलं जनावर कुठल्याच गवताने भरून निघत नाही. तोवर त्याचं मोठं पोट वैरण पचवायला तयारही झालेलं नसतं. ज्यांनी टोणग्याला पारडीएवढंच दूध पाजलं, त्यांच्या दावणीला मी अशी पोटं कधी पाहिली नाहीत.

वजन बघायला काटा नको, शिंप्याचा टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. वर सांगितलेल्या वस्तीवर एका टोणग्याचा घेर 42 आणि लांबी 40 भरली, म्हणजे 107 किलो. कापणीचं वय, कुट्टी आणि घास एवढंच बदललं. तीस दिवसांनी 44 आणि 41, म्हणजे 120 किलो. रोजचे साडेचारशे ग्रॅम झाले आणि गव्हाण चाटून पुसून रिकामी. दर महिन्याला त्याच वेळी, सकाळी वैरण टाकायच्या आधी मोजून वहीत लिहा. बाजारात उक्तं विकताना ही वही खिशात असू द्या, व्यापारी नजरेने किलो सांगतो तेव्हा तुमच्याकडे आकडा असतो.

कायद्याचंही सांगते. राज्यात 2015 पासून गायीबरोबर वळू आणि बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैसवर्ग त्या बंदीत येत नाही, पण परवान्याचा कत्तलखाना आणि पशुवैद्यकाची तपासणी लागतेच. कानातला बारा अंकी बिल्ला आणि वाहतुकीचा आरोग्य दाखला आधीच करून ठेवा.

प्रश्न : सकाळी ओला घास खाल्ला आणि कालवडीचं पोट ढोलासारखं फुगलं. घास बंद करावा का?
— एक वाचक, तालुका राहुरी

उत्तर : बंद करू नका, ताई. दव पडलेला कोवळा घास उपाशी पोटी टाकला की फेस धरतो आणि वायू अडकतो. आदल्या संध्याकाळी कापून पसरून सुकत टाका, सकाळी आधी कडबा खाऊ द्या आणि मग थोडा थोडा घास. पुन्हा फुगलं तर पुढचे पाय उंचावर उभे करा, गोडेतेल शंभरेक मिली हळूहळू पाजा, मान वर ताणू नका, ठसका लागला तर थांबा. डावी कूस कण्याच्या वर आली किंवा ती खाली बसायला लागली, तर तेल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा.