कुठला कागद कुठे दाखवायचा

प्रिय मैत्रिणी,

तुझी मेल दोनदा वाचली. पाचव्या वर्षी एका डॉक्टरांनी फाइलवर 'पीडीडी-एनओएस' लिहिलं, पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी 'अ‍ॅस्पर्जर', आणि आता विसाव्या वर्षी 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १'. वर सरकारी प्रमाणपत्रावर 'सौम्य, ४० टक्के'. यातलं खरं कोणतं, असं तू विचारतेस.

मी इतकी वर्षं बँकेत ऑडिट करतेय. कागद हातात आला की आधी बघते, हा लिहिलाय कुणी, कुणासाठी आणि कुठल्या नियमाखाली. तुझ्या फायलीकडेही तसंच बघू.

पहिले दोन कागद डीएसएम-४च्या काळातले. ही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची १९९४ची नियमावली, आपल्याकडचेही बरेच डॉक्टर ती वापरत. तिच्यात ऑटिझमचे वेगवेगळे रकाने होते. लक्षणं तर आहेत पण कुठल्याच रकान्यात पुरती बसत नाहीत, अशांसाठी पीडीडी-एनओएस. अ‍ॅस्पर्जरसाठी मुख्य अट बोलण्याची: दुसऱ्या वर्षापर्यंत सुटे शब्द, तिसऱ्यापर्यंत छोटी वाक्यं आलेली हवीत. माझ्या मुलाच्या वेळी हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी आठवून आठवून सांगितलं, "आजेसासूबाईंच्या वर्षश्राद्धाला 'पाणी दे' म्हणाला होता, बहुतेक." डॉक्टरांनी 'बहुतेक' गाळून बाकीचं लिहून घेतलं. रकाना ठरला तो त्यावर!

ही गत फक्त आपलीच नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक मोठा अभ्यास छापला. १२ केंद्रं, दोन हजारांवर मुलं, सगळीकडे त्याच चाचण्या. तरीही ऑटिझम, अ‍ॅस्पर्जर आणि पीडीडी-एनओएस या तीन नावांपैकी कुठलं नाव मिळणार हे मूल कोणत्या केंद्रात गेलं यावर बरंच अवलंबून होतं. पुढच्याच वर्षी, २०१३ला, डीएसएम-५ आली आणि तिने हे रकाने मोडून एकच नाव ठेवलं. ज्यांचं जुनं निदान पक्कं आहे त्यांना नव्या नावाखाली धरा, असंही तिच्यात लिहिलंय. म्हणजे तुझ्या डोक्यात मधल्या काळात काही बदललं नाही, बदललं ते पुस्तक. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२पासून लागू झाली, तिच्यातही आता एकच नाव आहे. फक्त बौद्धिक विकास आणि भाषा कितपत आहे यावरून तिच्यात पोटभाग पडतात.

आता लेव्हल. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण सगळा घोळ इथे होतो. लेव्हल १ म्हणजे 'जवळजवळ नॉर्मल' असं तुझ्या काकांनी ऐकवलं म्हणतेस. डीएसएम-५च्या पुस्तकात लेव्हल १ची व्याख्या 'आधार लागतो' अशी आहे. २ म्हणजे बराच लागतो, ३ म्हणजे खूपच. तीही दोन बाबतींत स्वतंत्रपणे द्यायची असते: एक लोकांशी संवाद, दुसरी त्याच त्या गोष्टी, ठरलेली घडी आणि आवाज-स्पर्श-प्रकाशाचा त्रास. तुझ्या रिपोर्टवर एकच आकडा आहे, तर डॉक्टरांना विचार की तो कुठल्या बाबतीतला. शिवाय ही तीव्रता परिस्थितीप्रमाणे आणि काळाप्रमाणे कमीजास्त होते, हेही पुस्तकातच आहे. तू क्लिनिकमध्ये पाऊण तास नीट उत्तरं दिलीस, डॉक्टरांना ते दिसलं. कॉलेजात दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने वावरून घरी आल्यावर तुझी वाचाच बसते, पंखासुद्धा सहन होत नाही, ते त्यांना कसं दिसणार? पुढच्या वेळी तसल्या दोन संध्याकाळी कशा गेल्या ते लिहून ने. तोंडी सांगायला जाशील तर पुन्हा नीटच बोलशील.

प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. ते 'इसा' या भारतीय मोजपट्टीवर निघतं. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे काहीच नसलं तरी बेरीज ४० येते, आणि ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. माझ्या मुलाची चाचणी झाली तेव्हा सायकॉलॉजिस्टबाई बॉलपेनने भराभर खुणा करत होत्या, मुलगा खुर्चीखाली बसून टाइल्स मोजत होता, आणि मला त्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यापुढे प्रश्न ऐकू येत नव्हते. ('आईला का नाही तपासत?' हा विचार पहिल्यांदा तिथेच आला.) टक्के कशाला हवेत? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि त्यातल्या आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. केंद्राच्या सूचनांप्रमाणे परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जास्त मिळतात. तुझा ४० हा आकडा त्या दाराची किल्ली आहे. 'मी ४० टक्के ऑटिस्टिक आणि ६० टक्के बरी' असला हिशेब त्यातून काढू नकोस.

सातबारा आणि आठ-अ दोन्ही एकाच जमिनीचे उतारे, पण एक गट नंबरावरून निघतो, दुसरा खातेदारावरून. तलाठ्याला कुणी विचारत नाही यातली खरी जमीन कुठली.

अ‍ॅस्पर्जर हे नाव तुला आवडतं, 'त्यात हुशारीचा वास आहे' असं लिहिलंयस. प्रांजळ लिहिलंस, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. हान्स अ‍ॅस्पर्जर हा व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ. त्याचा लेख १९४४चा, आणि इंग्रजी जगात ते नाव रुजवलं ब्रिटनच्या लोर्ना विंग यांनी, १९८१ साली. २०१८मध्ये हेर्विग चेक या इतिहासकाराने जुनी दप्तरं तपासून दाखवलं की अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना श्पीगेलग्रुंड इथे धाडलं होतं. नाझी राजवटीत तिथे अपंग मुलांना मारलं जात होतं. या कारणाने पुष्कळांनी ते नाव टाकलं, काहींनी तरीही ठेवलं. ज्यांना वीस-पंचवीस वर्षं त्याच नावाने स्वतःची ओळख पटली त्यांच्याशी मी भांडत नाही. मला खटकतं ते 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे. माझा मुलगा आज तुझ्याच वयाचा आहे आणि दिवसाला दहा-बारा शब्द बोलतो. कुकरची शिट्टी झाली की तो आणि मी एकाच वेळी कानांवर हात ठेवतो. त्याच्या गरजा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि त्या वेगळ्या मोजायला हव्यात हे मला पटतं. पण वेगळं मोजणं आणि वरखाली लावणं यांत फरक आहे.

माझं स्वतःचं निदान चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं. तोवर मी तुसडी होते, माणूसघाणी होते, सासरी 'शिष्ट' होते. तीही नावंच, आणि ती द्यायला कुणी चाचणीसुद्धा घेतली नव्हती. निदानानंतर मी फारसं काही बदललं नाही. लग्नाकार्यात पंगत उठेपर्यंत थांबणं बंद केलं आणि ऑफिसात भिंतीकडची जागा मागून घेतली.

मावशी म्हणतात 'स्थळं बघताना बोलू नका'. माझं मत विचारशील तर होकार देण्याआधी बोल, पण फाइल उघडून दाखवू नकोस. लेव्हल, टक्के यातून समोरच्याला काहीच कळत नाही. गर्दीतून आल्यावर दोन तास खोलीचं दार बंद लागतं, ऐन वेळी बेत बदलला की बोलता येत नाही, थट्टा कधी कधी उशिरा कळते, असं सांग. ऐकून तो काय विचारतो ते बघ, त्यातून तुलाही त्याची पारख होईल.

नोकरीचं म्हणशील तर सरकारी अर्जात प्रमाणपत्र जोडायचंच. खासगीत आधी एका कागदावर काय लागतं तेवढंच लिही: कामाच्या सूचना लेखी, बसायची जागा ठरलेली, हेडफोनची मुभा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, मूळ प्रत कुणाकडे ठेवायला देऊ नकोस. झेरॉक्स दे, तिच्यावर आडवं 'फक्त परीक्षा सवलतीसाठी' असं लिही, तारीख घाल आणि मगच सही कर.

तुझी,
ताई