पक्षी बघायला हलकी आणि फार महाग नसलेली दुर्बीण कोणती घ्यावी?

डोळे झाकून ८×३२ किंवा ८×४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये), १० पटीच्या मागे लागू नका, हात जरा हलला की पक्षी पण नाचायला लागतो आणि दिसतो तो भाग पण बहुतेक वेळा कमीच. मी आधी हौसेनं १०×५० घेतली होती, जवळपास किलोभर वजन, सिंहगड व्हॅलीत दोन तास गळ्यात अडकवून फिरलो तर मानेचा पार भुगा, शेवटी सॅकमध्येच गेली आणि नेमका तेव्हाच स्वर्गीय नर्तक पक्षी समोरून गेला 😅

साधा हिशोब आहे, ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतं, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा. ३२ वाल्यात तो ४. भर दिवसा काही फरक जाणवत नाही, पण पहाटे किंवा दाट झाडीत ४२ वाली उजवी. चष्मा असेल तर आय रिलीफ (म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर बघा, नाहीतर कडा काळ्या दिसतात. पावसाळ्यात फिरणार असाल तर नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफच, आत वाफ धरत नाही.

मी आता निकॉन प्रोस्टाफची ८×४२ वापरतो, वजन अर्धा किलोच्या जरा वर, खुश आहे. आणि ते झूमवाले मॉडेल फुकट दिलं तरी नको.