प्रवासाचं विचारा : पेरूत किलोमीटर मोजू नका, उंची मोजा

मागच्या अंकात आमच्या पेरूच्या ट्रिपवर लिहिलं आणि त्यावर इतके मेसेज आलेत की हे अख्खं सदर त्यातच जाणारे. आमच्या आईला निघायच्या आधी सांगितलं की पेरूला चाललोय, तर ती म्हणाली, राजवाड्यावर ढिगानं मिळतात की, एवढ्या लांब कशाला! असो, प्रश्नांकडे वळू.

मी 64, मिसेस 61. गुडघे ठीक आहेत, बीपीची गोळी चालू आहे. कंपनीवाले म्हणतात लिमाला उतरा, दुसऱ्या दिवशी विमानानं कुस्को, तिसऱ्या दिवशी माचू पिचू (इंकांचं जुनं शहर). झेपेल का? (मिरज)

काका, तिकीट काढलं नसेल तर हा प्लॅन आधी बदलून घ्या. लिमा समुद्राकाठी आणि कुस्को जवळपास 3400 मीटरवर. आपलं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. कळसूबाईवर अजून एक कळसूबाई ठेवलं तरी कुस्को वरच राहतं, आणि तुम्ही तिथं विमानानं सव्वा-दीड तासात पोचणार, शरीराला कळायच्या आत. तिथं एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानानं दोन तृतीयांशच असतो.

मी स्वतः हाच गाढवपणा केलाय. साताऱ्याचा माणूस, रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो, मला काय होतंय म्हणून उतरल्या उतरल्या दुपारीच कुस्कोतल्या सान ब्लास या चढावरच्या जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढून गेलो, रस्ते मस्त, फोटो काढले, आणि संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की जेवणाचा वाससुद्धा नको, रात्री दोनदा उलटी. बायको मात्र हॉटेलात गप झोपून होती, तिला काहीच नाही, आणि ते ती अजून ऐकवते. उंचीच्या या त्रासाला तिकडं सोरोचे म्हणतात. हॉटेलच्या बाईनं कोकाच्या पानांचा चहा आणून दिला, चव आपल्या गवती चहाच्या अलीकडची, थोडं बरं वाटलं, पण खरा उपाय म्हणजे पडून राहणं आणि त्रास वाढला तर खाली उतरणं. (हां, तो चहा तिथं प्यायचा, पिशवीत भरून इकडं आणायचा नाही, आपल्याकडं कोकाच्या पानांना बंदी आहे.)

मग करायचं काय, तर कुस्को एअरपोर्टवरून गाडीनं थेट खाली ओल्लांतायतांबोला जायचं, ते 2800 मीटरच्या आसपास आहे. तिथं दोन रात्री काढा, तिथूनच रेल्वेनं माचू पिचू करा. माचू पिचू स्वतः 2430 मीटरवरच आहे, लोकांना उगाच वाटतं की ते सगळ्यात उंच. मग परत येऊन कुस्को, आणि 3812 मीटरवरचा तितिकाका तलाव शेवटी. दिवसाला जेवढं बघायचं ठरवलंय त्याचं निम्मं करा. बीपीच्या गोळीचं आणि उंचीवरच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपला नको.

आमच्या बागा आहेत. पेरूची द्राक्षं आता सगळीकडं दिसतात. तिकडं म्हणे वाळवंट आहे, मग द्राक्षं येतात कशी? शेतकऱ्यानं बघावं असं काय आहे? (तासगाव)

दादा, तुमचा प्रश्न वाचून मला सगळ्यात आनंद झाला, कारण माचू पिचू सगळेच विचारतात. किनारपट्टी पूर्ण वाळवंट, आणि तेही समुद्राला लागून! कारण दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा गार पाण्याचा प्रवाह किनाऱ्यानं वर येतो, त्यानं हवा थंड राहते, ती वर चढत नाही, मग पाऊसच पडत नाही. लिमात हिवाळाभर नुसतं धुकं, रस्ता ओला होतो पण छत्री लागत नाही. इका भागात बसच्या खिडकीतून एका बाजूला घराएवढ्या वाळूच्या टेकड्या आणि मधेच हिरवीगार द्राक्षबाग, सगळी ठिबकवर, पाणी जमिनीखालचं आणि अँडीज डोंगररांगेतून येणाऱ्या नद्यांचं. घडाच्या वेळी पाऊस नाही म्हटल्यावर विचार करा, तुम्ही डाऊनी रोगाच्या भीतीनं आभाळाकडं बघत असता आणि तिकडं आभाळाचा प्रश्नच नाही. पण बोअरचं पाणी खोल खोल चाललंय ही रड तिकडंही आहे, ऐकून अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

आणि पाराकासवरून बोटीनं बायेस्तास बेटं नक्की बघा. हम्बोल्ट पेंग्विन, खडकावर लोळणारे समुद्रसिंह आणि पक्षी तर इतके की खडक काळा दिसतो. वास आधी येतो, बेट नंतर दिसतं. त्या पक्ष्यांची विष्ठा म्हणजे ग्वानो खत. गार पाण्यात मासळी उदंड, ती खाऊन पक्षी उदंड, आणि पाऊस नसल्यामुळं विष्ठेतलं नत्र धुवून जात नाही, वर्षानुवर्षं थरावर थर. 1840 च्या सुमारास हे खत जहाजं भरभरून युरोपला जायला लागलं आणि पुढची तीसेक वर्षं पेरूचा खजिना त्यावर चालला. आमच्या बोटीत मी एकटाच नत्राचा हिशेब करत बसलो होतो, बाकीचे नाक धरून.

अजून एक. जून आला की टीव्हीवर एल निनो एल निनो सुरू होतं ना, ते नाव याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं. नाताळच्या सुमारास पाणी गरम व्हायचं आणि मासळी गायब, म्हणून त्यांनी नाव दिलं बाळ येशूचं. तिकडं पाणी तापलं की इकडं आपल्या पावसाची धाकधूक.

कॉलेजला आहे, पैसे साठवतोय. अमेझॉनमध्ये जग्वार दिसेल का? (कराड)

दिसेलही, पण त्यासाठी जाऊ नकोस. चांदोलीत वाघ बघायला जाणाऱ्याचं जे होतं तेच होईल. आम्ही पोर्तो माल्दोनादोवरून तांबोपाताच्या जंगलात गेलो, कुस्कोवरून विमानानं तासाभराच्या आत. पहाटे नदीकाठच्या मातीच्या कड्यासमोर गप बसायचं, आधी हिरवे पोपट, मग लाल-निळे मकाव (लांब शेपटीचे मोठे पोपट), शेकड्यानं येतात आणि चक्क माती खातात, त्यातलं मीठ त्यांना लागतं. असा गोंगाट की शेजारच्याचं ऐकू येत नाही. तळ्यात माणसाएवढी पाणमांजरं असतात, दिसली तर नशीब. होआत्सिन नावाचा पक्षी मात्र बघच, पानं खातो, गाईसारखं पोटात आंबवतो, म्हणून त्याला शेणासारखा वास येतो, आणि पिल्लांच्या पंखांना नख्या! जून-जुलैत जाणार असशील तर स्वेटर घे. हसू नको, दक्षिणेकडून गार वारा शिरतो आणि जंगलात दोन-तीन दिवस दात वाजतात. आम्ही टॉवेल पांघरून झोपलोय.

आम्ही शुद्ध शाकाहारी, माझी एकादशी असते. उपाशी तर मरणार नाही ना? (वाई)

ताई, तुमची एकादशीच मुळात तिकडून आलीये! बटाटा अँडीजचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा तोही तिकडचाच, तिथं त्याला युका म्हणतात आणि तळून देतात. बटाट्याच्या हजारो जाती, जांभळे, पिवळे, बोटासारखे वाकडे. बाजारात एक बाई चुन्यो विकत होती, म्हणजे बटाटे रात्री थंडीत गोठवायचे, दिवसा पायानं तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे, वर्षानुवर्षं टिकतात. हातात घेतला तर खडा, वजनच नाही. बाकी मोठ्या दाण्याचं कणीस आणि चीज रस्त्यावर मिळतं. सूप मात्र विचारून घ्या, भाजीचं म्हणून देतात आणि पाणी कोंबडीचं असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मटण नको, कोंबडी नको, मासे नको) एवढं पाठ करा. चटणी आणि मेतकूट न्या.

यलो फीवरची लस घ्यावीच लागते का? (सातारा)

घ्या. भारतात परत येताना तो दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. निघायच्या किमान दहा दिवस आधी, आणि सरकारमान्य केंद्रातच. साठीच्या पुढच्यांनी (मिरजेचे काका, तुम्हीपण) आधी डॉक्टरांशी बोलायचं.

मी सहावीत आहे. लामा माणसावर थुंकतो का? (जत)

थुंकतो, पण जास्त करून दुसऱ्या लामावर, चाऱ्यावरून भांडण झालं की. कान मागं गेले की तू मागं सरक. मला मात्र त्याचा रानटी भाऊ विकुन्या जास्त आवडला, हरणासारखा नाजूक, पेरूच्या राजचिन्हावर आहे. लोकरीसाठी इतके मारले की 1960 च्या दशकात काही हजारच उरले होते. आता गावकरी हातात हात धरून मोठी साखळी करतात, कळप हाकत हाकत कोंडतात, लोकर कातरतात आणि सोडून देतात. एकाची लोकर पाव किलोच्या आतबाहेर. तुमच्या जतकडं माडग्याळ मेंढ्या कातरताना बघितल्या असशील, तसंच, फक्त इथं कातरून झालं की जनावर डोंगरात पळून जातं आणि मालक कुणीच नाही.