वाचकांचे प्रश्न : पडके बांधण्याची हौस

प्रश्न : अठराव्या शतकात युरोपातील जमीनदारांनी आपल्या बागांमध्ये ‘फॉली’ नावाच्या वास्तू, त्यातही मुद्दाम पडके किल्ले बांधल्याचे वाचनात आले. एवढा पैसा ओतून निरुपयोगी वास्तू का बांधाव्यात?

उत्तर : फॉली ही मुख्यतः ठरावीक जागेवरून पाहण्यासाठी बांधलेली वास्तू असते, हे ध्यानात घेतले की खर्चाचे कोडे बरेचसे सुटते. इंग्लंडमध्ये आखीवरेखीव बागांची आवड ओसरली, तेव्हा क्लोद लोरँसारख्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांतील जुनी देवळे आणि ढासळलेल्या कमानी आपल्या टेकडीवरही असाव्यात, असे धनिकांना वाटू लागले. हॅगले येथे सँडरसन मिलरने नव्याने बांधलेल्या ‘भग्न’ किल्ल्याच्या चार बुरुजांपैकी एकच पूर्ण उंचीचा ठेवला. बाथमध्ये राल्फ ॲलनने शहरातील घरातून दिसेल असा किल्ला १७६२ मध्ये डोंगरावर उभारला. समोरून पाहिल्यास बुरूज, कमान सारे काही, आणि मागे जाऊन पाहावे तर नुसती भिंत!

‘निरुपयोगी’ हे विशेषण मात्र सरसकट लावता येणार नाही. पॉट्सडॅमच्या टेकडीवर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४८ मध्ये रोमन धर्तीचे भग्नावशेष रचले, ते साँसूसी राजवाड्याच्या कारंज्यांसाठी बांधलेल्या जलाशयाभोवती. आयर्लंडमध्ये कॅसलटाउनजवळ कॅथरीन कॉनली यांनी १७४०च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून कमानींवर कमानी चढवलेली, सुमारे ४२ मीटर उंचीची वास्तू उभी करवली. त्याच देशात बेल्व्हेडेरच्या अर्लने भावाचे घर दृष्टीस पडू नये म्हणून लांबलचक भग्न भिंत बांधली. हाही उपयोगच म्हणायचा.

आमच्या मते या प्रकारातील सर्वात देखणे काम स्कॉटलंडमधील डनमोर येथे आहे. तेथे बागेच्या भिंतीवर सुमारे १४ मीटर उंचीची वास्तू असून तिचा घुमट म्हणजे दगडात कोरलेले भलेमोठे अननस आहे. त्याच्या प्रत्येक पानावरील पाणी स्वतंत्रपणे वाहून जाईल अशी योजना आहे, कारण साचलेले पाणी गोठले असते तर दगड तडकले असते. खालच्या पोकळ भिंतींतून भट्टीची गरम हवा खेळवून थंड प्रदेशातही नाजूक फळझाडे जोपासली जात, आणि भिंतीवर शोभेसाठी ठेवल्यासारखे दिसणारे कलश म्हणजे त्या भट्ट्यांची धुराडी होती.