‘लैंगिक संघर्ष’ की ‘हितविरोध’?

प्रश्न असा आहे: कीटकांच्या उत्क्रांतीवरच्या लेखात ‘सेक्शुअल कॉन्फ्लिक्ट’ला ‘लैंगिक संघर्ष’ म्हणावं का, आणि त्याचे ‘इंट्रालोकस’ व ‘इंटरलोकस’ हे प्रकार मराठीत कसे सांगावेत? (‘लोकस’ म्हणजे गुणसूत्रावरची जनुकाची जागा.)

‘लैंगिक संघर्ष’ चूक नाही, पण मी तो टाळेन. ‘लैंगिक’ म्हटलं की आपल्या वाचकाचं मन आधी शोषणाकडे नाहीतर शिक्षणाकडे धावतं, आणि ‘संघर्ष’ म्हटलं की झटापट डोळ्यांसमोर येते. झटापट असतेही कधी कधी: ढेकणाचा नर मादीचं पोट भोसकून वीर्य आत सोडतो. पण उत्क्रांतीचे अभ्यासक जेफ्री पार्कर यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली ती यापेक्षा व्यापक. संततीच्या हिशेबात नराचा फायदा आणि मादीचा फायदा एकाच दिशेला नसतात, एवढंच तिचं म्हणणं. ‘नर-मादी हितविरोध’मध्ये ते बरोबर येतं. (‘स्त्री-पुरुष’ कृपया नको. विषय कीटकांचा आहे.)

प्रकारांसाठी ‘अंतःस्थानीय’ आणि ‘आंतरस्थानीय’ असे जोडशब्द घडवले तर फरक बोलताना हरवणार आणि छापताना मुद्रितशोधकाच्या मर्जीवर राहणार. त्यापेक्षा रोजचे दोन शब्द पुरतात: ओढाताण आणि कुरघोडी.

ओढाताणीत (इंट्रालोकस) जनुक तेच, गरजा वेगळ्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं घ्या, म्हणजे प्रयोगशाळेतली ड्रॉसोफिला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की अळीच्या अवस्थेत जो जनुकसंच नराला मानवतो तोच मादीलाही मानवतो. पंख फुटल्यावर मात्र नराला लाभणारा संच मादीला बाधू लागतो.

कुरघोडीत (इंटरलोकस) नराची जनुकं वेगळी, मादीची वेगळी. याच माशीच्या वीर्यात ‘सेक्स पेप्टाइड’ नावाची ३६ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्यामुळे मादी जास्त अंडी घालते आणि पुढच्या नराला झिडकारते. पहिल्या नराच्या हे पथ्यावरच पडतं. पण वीर्यातल्या अशा द्रव्यांचा मारा वाढला की मादीचं आयुष्य घटतं, मग तिची जनुकं प्रतिकार उभा करतात, त्यावर नराचा नवा डाव. जीवशास्त्रज्ञ विल्यम राइस यांनी १९९६ मध्ये मादीची बाजू गोठवून फक्त नरांना बदलू दिलं, तर ३०-४० पिढ्यांत ते माद्यांना जास्त घातक झाले. पुढे ब्रेट हॉलंड यांच्यासोबत त्यांनी उलट केलं: ४७ पिढ्या प्रत्येक मादीला एकच नर. नर निवळले, माद्यांचा प्रतिकारही सैलावला. जोडीदार एकच असेल तर मादी लवकर मेल्याने नराचंही नुकसानच. इथे ‘संघर्ष संपला’ लिहिलंत तर दोघांचा समेट झाला असं वाटेल. ‘हितविरोध उरला नाही’ म्हटलं की कारणही कळतं.

‘कुरघोडी’तही हेतू डोकावतो, ही अडचण मान्य. पण उत्क्रांतीबद्दल मराठीत लिहिताना क्रियापदं कुणाला तरी कर्ता मागतातच. एकदा सुरुवातीला ‘जाणूनबुजून नव्हे’ असं सांगून टाका. आणि शीर्षकात ‘लैंगिक संघर्ष’ राहू द्यायला हरकत नाही, शोधणारे त्याच शब्दांनी शोधतात.